प्राइमर कुठे बसवायचा

जून सरता सरता पऱ्हाटीला चार पानं फुटतात आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर पानांच्या पिशव्या साचायला लागतात. राळेगाव, केळापूर, वणी, झरी. सगळ्यांचं विचारणं एकच: हे ‘चोर बीटी’ आहे का? म्हणजे तणनाशक फवारलं तरी न मरणारं, परवानगी नसलेलं एचटीबीटी. निंदणाची मजुरी ज्याने मोजली आहे त्याला या बियाण्याचा मोह का पडतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

तपासायला पान कोवळंच लागतं. जून पानात फिनॉलं आणि चिकट शर्करा इतक्या असतात, की डीएनए तपकिरी पडतो आणि त्याच्या प्रती काढणारा पीसीआर रुसून बसतो.

पीसीआरमधलं एन्झाइम मोठं कामसू, पण त्याला स्वतःहून सुरुवात करता येत नाही. धाग्यावर आधीच चिकटलेला एखादा तुकडा सापडला, तरच त्याच्या टोकाला ते पुढची अक्षरं जोडत जातं. हा तुकडा म्हणजे प्राइमर, साधारण १८ ते २५ अक्षरांचा. समोरासमोर तोंड केलेले दोन प्राइमर घेतले की मधला भाग प्रत्येक फेरीत दुप्पट होतो; ३० फेऱ्यांत, निदान कागदावर, एकाचे शंभर कोटींच्या वर. कॅरी मुलिसला ही युक्ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये नोबेल मिळालं.

जोडी मात्र बैलांसारखी जुळलेली हवी. दोन्ही प्राइमर जवळपास एकाच तापमानाला चिकटले पाहिजेत. ए किंवा टी असेल तर २ अंश, जी किंवा सी असेल तर ४, अशी बेरीज मी सॉफ्टवेअर असूनही पेनाने करतो. हा अंदाजच, पण त्यामुळे अक्षरांकडे नीट बघणं होतं. विशेषतः ३ प्राइम टोकाकडे. एन्झाइम तिथूनच पुढे जातं. मधलं एखादं अक्षर चुकलं तर निभावतं, टोकाचं चुकलं तर बहुधा काम अडतं. दोन प्राइमरांची टोकं एकमेकांशीच जुळत असली, तर ते पानाला विसरून आपापसातच जोडी जमवतात आणि जेलवर, जिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होतात, खाली एक फसवा, पुसट बँड दिसतो. म्हणून पानाचा डीएनए न घातलेली एक ट्यूब नेहमी सोबत चालवायची.

पण खरं कसब जागा निवडण्यात आहे. जनुक-बदल केलेल्या पिकांच्या चाळणीसाठी ३५एस प्रमोटरचे, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या तुकड्याचे, प्राइमर जगभर वापरतात. हा तुकडा मुळात फुलकोबीच्या एका विषाणूचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याचा उपयोग किती? २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बोलगार्ड या बीटी कपाशीमध्येही तो आहे, २००६ च्या बोलगार्ड-२ मध्येही. इथली जवळजवळ सगळी कपाशी बीटी. म्हणजे जिल्हाभरची पानं ‘पॉझिटिव्ह’ येणार आणि चोर कोण ते कळणारच नाही. मग सीपी४ ईपीएसपीएस या जनुकावर प्राइमर बसवायचे. तणनाशक पचवण्याची ताकद तिथली. त्याहून नेमकं हवं असेल, तर एक प्राइमर घुसवलेल्या तुकड्यात आणि दुसरा शेजारच्या कपाशीच्या स्वतःच्या डीएनएत. हा सांधा प्रत्येक इव्हेंटचा, म्हणजे जनुक घुसवण्याच्या प्रत्येक घटनेचा, वेगळा; एचटीबीटीतल्या मॉन ८८९१३ या इव्हेंटचा त्याचाच.

बँड आला म्हणजे फक्त लांबी कळली. अक्षरं वाचायची तर सँगर सिक्वेन्सिंग, आणि तिथे एका ट्यूबमध्ये प्राइमर एकच. त्याच्या लगतची पहिली तीस-चाळीस अक्षरं गढूळ येतात, त्यामुळे सांध्याला खेटून प्राइमर बसवला तर नेमका सांधाच वाचता येत नाही. थोडं मागे सरकायचं, आणि जमल्यास दुसऱ्या बाजूनेही वाचून घ्यायचं.

आणि बँड आलाच नाही तर? कपाशीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची जोडी त्याच डीएनएवर चालली असेल, तरच त्या ‘नाही’ला किंमत. तीही त्या एका पानापुरतीच. घरी राखलेली सरकी असली तर शेजारच्या झाडात जनुक असू शकतं. म्हणून पिशवीत एकच पान आलं, की मी आधी फोन करून वावराच्या वेगवेगळ्या तासांतली आणखी पानं मागवतो.