जुनी पिकअप घेताना : आधी तिनं काय वाहिलंय ते विचारा



स्टेटसला पिकअपचा फोटो टाकल्यापासून फोन चालू आहेत. केवढ्याला पडली, कितीचं मॉडेल, नवीच का नाही घेतली. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. जरा लांबेल, पण ज्यांना घ्यायची आहे त्यांच्या कामाचं आहे.

पहिलं हिशोबाचं. आमचे टोमॅटो अडीच एकर. मागच्या हंगामात २१०० क्रेट पिंपळगाव बसवंतला गेले. क्रेटमागे २५ रुपये भाडं धरलं तर साडेबावन्न हजार होतात. एवढ्या भाड्यासाठी चार-साडेचार लाख घालून गाडी दारात उभी करणं परवडत नाही, आणि मी घरात ते सरळ बोललो होतो. ज्यांचा माल एवढाच आहे आणि बाहेरचं भाडं मिळणार नाही त्यांनी गाडीच्या नादी लागू नये, असं माझं आजही मत आहे. आमच्याकडं फरक पडला तो दोन गोष्टींनी. थोरला मुलगा सातपूरची कंपनी सोडून घरी आला आणि वस्तीवरच्या चार शेतकऱ्यांचा माल न्यायचं त्यानं ठरवून घेतलं. दुसरं म्हणजे ऐन हंगामात भाड्याची गाडी वेळेवर येत नाही. खुडा दुपारी उरकून क्रेट बांधावर तयार, आणि गाडीवाला म्हणतो निघालोच आहे. लिलाव उलगडत आल्यावर माल पोहोचला की भाव कसा फुटतो ते तुम्हाला सांगायला नको. तरीपण पैसे कांद्याच्या चाळीतले होते, बँकेचे नाहीत. मुलाची नोकरी गेली आणि गाडीही खटारा निघाली असं व्हायला नको, एवढीच धास्ती होती.

नवीचं कोटेशन हौदा, विमा, पासिंग धरून दहा लाखांच्या पुढं गेलं. मग जुन्यात शोधायला लागलो. बोलेरो पिकअपच बघायची हे आधीच ठरवलं. टाटाची योद्धा, लेलँडची दोस्त या काही वाईट गाड्या नाहीत. पण आमच्या चांदवड भागात बोलेरोचा मिस्त्री दर पाच-सात किलोमीटरवर आहे आणि सामान चौकातल्या दुकानात मिळतं. भर खुड्यात गाडी बंद पडली तर ती किती लवकर चालू होते हे महत्त्वाचं. तुमच्या भागात दुसऱ्या गाडीचा मिस्त्री चांगला असेल तर ती घ्या.

तीन आठवड्यांत चार गाड्या बघितल्या. वडील घोटीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे तेव्हा दात, खूर, चाल बघायचेच, पण त्याआधी विचारायचे, हा बैल कुठल्या कामाला होता? औताला, गाडीला का घाण्याला? गाडीचंही तेच आहे. किलोमीटर किती झाले हे सगळे विचारतात. मीटर मागं फिरवता येतं, त्यामुळं त्या आकड्यावर मी फार जात नाही. ब्रेक-क्लचच्या पायडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची बैठक आणि स्टिअरिंगची घासलेली कड मात्र लपत नाही. मीटरला ६० हजार आणि पायडलचं रबर गुळगुळीत, तर काय समजायचं ते समजा.

पहिली गाडी कोंबड्या वाहणारी. इंजिन ठीक होतं. पण विष्ठेतला अमोनिया आणि रोजची धुणी यांनी हौद्याखालचा पत्रा पापुद्रे धरलेला. किल्लीनं खरवडला की पोपडे पडत होते. वरून काळा रंग मारलेला होता. चॅसीवर ताजा काळा रंग दिसला की मला आनंद होत नाही, शंका येते.

दुसरी गाडी दिसायला सगळ्यात देखणी. नवा रंग, नव्या सीट, टपाला दिवे. मुलाला तीच आवडली. मी खाली सतरंजी टाकून आडवा झालो. मागचे पाटे मोजले तर डावीकडं उजवीपेक्षा एक पाटा जास्त, आणि दोन्हीकडचे जाड पाटे कंपनीचे नव्हते. पाटे वाढवले याचा अर्थ गाडीवर तिच्या ताकदीबाहेरचा माल नेला जात होता. मागच्या पाट्याचा हँगर चॅसीला जिथं बसतो तिथं वेल्डिंगचा ओघळ दिसला. चॅसीची भेग तिथंच धरते, कारण सगळा भार तिथं येतो. वेल्डिंगनं ती बुजते, पण आजूबाजूचा पत्रा तापून कमजोर होतो आणि पुढची भेग शेजारून निघते. मग हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीत बोट घातलं तर बारीक वाळू. मालक म्हणत होता, फक्त भाजीपाला वाहिला. मी काही बोललो नाही, हात झटकला आणि चहा घेऊन निघालो.

आणखी एक गोष्ट त्याच गाडीवर शिकण्यासारखी होती. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं वजन असे दोन आकडे असतात. दोन्हींतला फरक तो आपला कायदेशीर माल. ही गाडी काट्यावर नेली तर रिकामीच आरसीपेक्षा २१० किलो जास्त भरली. वाढवलेले पाटे, हौद्याला ठोकलेले चॅनल, जाळ्या, सगळ्याचं वजन. म्हणजे २० किलोचे दहा क्रेट आपण फुकट वागवत फिरणार, आणि मर्यादाही तेवढी कमी होणार. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला २० हजार दंड आणि वरच्या दर टनाला २ हजार आहे. काट्याचं भाडं त्यामानानं काहीच नाही. प्रत्येक गाडी काट्यावर न्या.

तिसरी कोकणातून आलेली, मासे वाहिलेली. बर्फाचं खारं पाणी. किंमत ऐकून कुणालाही मोह होईल. चॅसीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, लाल भुकटी हातात आली. पाच मिनिटांत विषय संपला.

चौथी एका किराणा होलसेलवाल्याची, २०१८ ची. दिसायला अगदी सामान्य. डाव्या दाराला पोचा, पुढच्या बंपरला खरचटलेलं. पण पाटे दोन्हीकडं सारखे, हँगरजवळ कंपनीचा जुना रंग तसाच. तेल, साखर, डाळी वाहिल्या, तेही गावागावांत थांबत. अशा गाडीचा क्लच संपलेला असणार हे मी मुलाला आधीच सांगितलं होतं, कारण दिवसात पन्नास वेळा थांबायचं आणि उचलायची.

इंजिन बघायला सकाळी सातलाच गेलो, मालकाला आदल्या रात्री सांगून की गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, थंड होतं. डिझेल इंजिन गरम असताना कसंही चालू होतं, खरं रूप थंडपणी कळतं. एका सेल्फमध्ये लागली. सुरुवातीला थोडा पांढरा धूर आला आणि गेला, ते चालतं. पांढरा धूर जातच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोरात रेस केल्यावर थोडा काळा येणं वेगळं, पण साध्या चालीलाही काळा ओकत असेल तर इंजेक्टर किंवा टर्बोकडं बघा. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. पाण्यावर तेलाचा तवंग नको, आणि ऑइलची पट्टी ताकासारखी पांढरट नको. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून बघितलं. तिथून भकाभका वाफ मारत असेल तर मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, म्हणजे पिस्टन-रिंगा झिजल्या. तो खर्च मोठा असतो. इथं तसं काही नव्हतं.

पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हात लावून हलवलं, मग डावीकडं-उजवीकडं. खाली लाकडी ठोकळा लावल्याशिवाय जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. पुढचे दोन टायर जुने निघाले, पण झीज दोन्ही कडांना सारखी होती. एकाच कडेला झिजला असता तर पुढचा एक्सल वाकलाय का ते बघावं लागलं असतं.

आता मुख्य. रिकामी पिकअप डांबरीवर पळवून काही कळत नाही. रिकामी तर सगळ्यांचीच पळते. मी मालकाला म्हणालो, शेठ, माल भरून बघणार. त्यांना ते पटलं नाही, डिझेल जाईल, उशीर होईल. डिझेल माझं म्हटल्यावर तयार झाले. कांद्याच्या २४ गोण्या, म्हणजे साधारण १२०० किलो. आरसीच्या मर्यादेत बसत होतं. राहुड घाटानं वर नेली. चढाला तिसऱ्या गिअरवर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी त्या मानानं ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. अंदाज बरोबर निघाला. टेंपरेचरचा काटा मात्र मधोमध राहिला. उतरताना तिसऱ्यावरच ॲक्सिलरेटर सोडला. गिअर निसटला नाही, आणि पाय सोडल्यावर मागून क्राऊनचा हुंकार आला नाही. थांबून उचलताना खालून टक असा आवाज आला, तो प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. किरकोळ. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारून बघितला, गाडी एका बाजूला ओढली नाही. परत आल्यावर इंजिन बंद न करता खाली पुन्हा आडवा झालो, कुठं ऑइलचा थेंब नाही.

मिस्त्री सोबत न्या, पण आपला. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

कागदाला मी एक दिवस वेगळा दिला. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर वाचून आरसीशी जुळवा. एजंट वाचून दाखवतो त्यावर जाऊ नका. सातबाऱ्यावर जसा बोजा, तसा आरसीवर एचपी. कर्ज फेडलं असं तोंडी सांगून भागत नाही. फायनान्सचा फॉर्म ३५ आणि एनओसी लागते, आणि आरटीओत बोजा उतरावा लागतो. आमच्या शिवारातल्या एकानं हे न बघता पैसे मोजले, सहा महिन्यांनी वसुलीवाले गाडी ओढून घेऊन गेले. पैसे ज्यानं घेतले तो फोन उचलत नाही.

नाव चढवायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याच्या सह्या पैसे देण्याआधी घ्या. परिवहनच्या नोंदीत त्याचा मोबाईल नंबर चालू आहे का तेही बघा, ओटीपी तिथंच जातो. ऑनलाइन चलानं थकलेली असतील तर ती त्यानं भरायची. जुना फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या. विमा गाडीबरोबर येतो पण आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला अर्ज द्यायचा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच, तो आपल्याला मिळत नाही, त्यामुळं हप्ता थोडा वाढतो.

मालगाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असतं, त्यानंतर दरवर्षी. २०१८ ची गाडी घेताना हा खर्च धरूनच चाला. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यावरच्या गाडीला लागतं. बोलेरोतच दोन्ही प्रकार आहेत, म्हणून आरसी वाचा. आणि लायसनचं बऱ्याच जणांनी विचारलं. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालगाडीला एलएमव्हीचं साधं लायसन चालतं, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं. मुलाचं तेच आहे.

भाव. मालकानं ४ लाख ८५ हजार सांगितले. मी उगाच चार लाखांवरून सुरुवात केली नाही. क्लच सेट, पुढचे दोन टायर, क्रॉस, यांचा दुकानातून लिहून आणलेला ३१ हजारांचा कागद समोर ठेवला. दाराच्या पोच्याबद्दल बोललोच नाही, पोचा माल वाहत नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला, मुलाला हाक मारून दाखवला आणि ४ लाख ५२ हजारांवर आले. तिथं मी थांबलो. सौदापावतीवर तारखेबरोबर ताबा घेतल्याची वेळही लिहिली, कारण नाव चढेपर्यंत रस्त्यात काही झालं तर त्या वेळेचा प्रश्न येतो. २५ हजार नाव चढल्यावर द्यायचे ठरले, तेही पावतीत आहे.

क्लच गावातच टाकला, टायर पिंपळगावला. गेल्या सोमवारी पहिल्या भाड्याचे ८२ क्रेट गेले, त्यातले आमचे ३०, बाकी वस्तीचे. दोन खेपा झाल्या, एकदम भरले नाहीत. डिझेल, हमाली, वेळ असं सगळं मुलगा वहीत टिपतोय. महिना भरला की तो हिशोब इथं टाकतो.