हात जोडताना



दोन वर्षांपूर्वीच्या थंडीतली गोष्ट. सकाळी मंदिरात देवासमोर उभी राहिले, हात जोडले, आणि तळव्याला तळवा टेकेना. बोटांची मुळं सुजलेली, मनगट वाकायला तयार नाही. मधे लिंबू धरावं तशी पोकळी राहिली. आजूबाजूला कुणी पाहिलं का म्हणून मी पदर हातांवर ओढून घेतला आणि तशीच णमोकार मंत्र म्हणून बाहेर पडले.

त्याआधी महिनाभर घरात लपवाछपवी चालूच होती. आपल्या घरात उठल्याबरोबर पहिलं काम पाणी गाळायचं. भरलेली कळशी उचलून कापडावर ओतायची, कापड हलक्या हातानं धुवायचं, ते पाणी परत जागेवर नेऊन सोडायचं. मला कळशीची कडच धरता येईना. "तू कर गं, मला उशीर होतोय," असं मुलीला रोज काहीतरी सांगून मी वेळ मारून नेई. दहा वाजेपर्यंत बोटं मोकळी व्हायची, पोळ्या लाटून व्हायच्या, त्यामुळे घरात कुणाला कळलं नाही. मलाही वाटायचं, थंडी आहे, जाईल.

खरं सांगायचं तर मला कळलं होतं. माझ्या आईचे हात मी लहानपणापासून पाहत आले आहे. कारंज्याच्या आमच्या घरी ती जपमाळ घेऊन बसायची, तेव्हा मणी पुढे सरकवायला तिला दुसऱ्या हाताची मदत लागायची. तिची बोटं करंगळीकडे झुकलेली, मुठी कधीच पूर्ण मिटल्या नाहीत. विचारलं तर म्हणायची, "असातावेदनीय कर्माचा उदय आहे बाई, भोगून संपवायचं." तिनं कधी तपासणी केली नाही आणि आम्हीही कधी नेलं नाही. त्या मंदिरात उभं राहून मला माझ्या हातांच्या जागी तिचे हात दिसले.

तरीही मी चार महिने घालवलेच. दुसरबीडला कुणाचं काही दुखलं की गावभर उपाय तयार असतात. मेथीचे लाडू झाले, तेल झालं, गरम पाण्याचा शेक झाला. शेजारच्या काकू मनापासून म्हणाल्या, "तुम्ही लसूण खात नाही ना, म्हणून वात धरला. औषध म्हणून दोन पाकळ्या खाल्ल्या तर देव काय रागावणार आहे?" मी हसले आणि ताक प्यायले. मग एका ठिकाणाहून पुडीतल्या गोळ्या आणल्या. दोन दिवसांत सूज उतरली, मी नाचायचीच बाकी होते. गोळ्या संपल्या की दुखणं दुप्पट. पुढे कळलं की त्यात स्टेरॉइड असावं. त्यानं सूज दबते, पण तेवढ्यावर भागवलं तर सांधा आतून खराब होतच राहतो. चेहरा तेवढा गोल झाला.

शेवटी यांनी गाडी काढली आणि आम्ही छत्रपती संभाजीनगरला सांधेविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांची मुळं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. "सकाळी आखडलेपण किती वेळ राहतं?" त्यांनी विचारलं. दोन-तीन तास, मी म्हणाले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यातल्या अँटी-सीसीपीचा आकडा बराच वर होता. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. दर दोन-तीन बायकांमागे एक पुरुष, असं त्याचं प्रमाण.

मी विचारलं, "खेड्यातल्या बाईला कसा होतो हा असला आजार?" त्यांनी भिगवणचं नाव घेतलं. घरी आल्यावर मी त्याबद्दल शोधून वाचलं. भिगवण म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, उजनीच्या पाण्याकाठचं गाव. पुण्याच्या सेंटर फॉर रूमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली तिथे सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले, ते घरोघरी गेले. माणसाच्या शरीराचं चित्र पुढे ठेवायचं आणि कुठे दुखतं तिथे खूण करायला सांगायची. चार हजारांवर प्रौढ माणसं अशी तपासली. त्यात हा आजार हजारी सुमारे पाच जणांना निघाला. आता हिशेब करा. दहा हजार प्रौढांच्या वस्तीत पन्नास माणसं, आणि त्यात बायका जास्त. आपल्या आठवडी बाजारात भाजी निवडणाऱ्या हातांमध्ये असे हात नक्की असणार. आपण त्याला 'वात' म्हणून सोडून देतो एवढंच.

औषध म्हणून मला मेथोट्रेक्सेट मिळालं. हे औषध तयार करण्यामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्या आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड आणि त्याला अडवणारी औषधं तयार झाली. ती आधी रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरली गेली, सांध्यांसाठी पुष्कळ नंतर. अमेरिकेत या आजारासाठी मेथोट्रेक्सेटला मान्यता १९८८ साली मिळाली. म्हणजे माझी आई आजारी पडली तेव्हा हे औषध जगात होतं. फक्त तिच्यापर्यंत पोचलं नाही.

मैत्रिणींनो, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. पहिल्याच आठवड्यात मी ती बीपीच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं हातात घेतलीही होती. मुलीनं पाहिलं म्हणून वाचले. आता स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अष्टमी-चतुर्दशीच्या खुणांबरोबर प्रत्येक शनिवारला लाल गोल असतो. रात्री आपण काही घेत नाही, हे मी डॉक्टरांना आधीच सांगितलं. दुपारच्या जेवणानंतर घ्या, चालेल, म्हणाल्या. ठरावीक दिवसांनी रक्त आणि यकृताची तपासणी करायची. आणि ज्या लेकीसुनांना मूल हवं आहे त्यांनी हे औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगायचं, कारण गर्भाला ते घातक असतं.

मग आली २०२५ ची अनंत चतुर्दशी. ६ सप्टेंबर, शनिवार. लग्न झाल्यापासून त्या दिवसाचा निर्जळी उपवास मी एकदाही चुकवला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "गोळी हवी तर एक दिवस पुढे घ्या, पण पाणी सोडू नका. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, शरीरात पाणी कमी पडलं तर ते साचून विषासारखं काम करतं." मी दोन रात्री नीट झोपले नाही. सगळी मंडळी उपवास करणार आणि मी पाणी पिणार? त्या वर्षी जवळच्या गावी चातुर्मासाला असलेल्या माताजींना जाऊन विचारलं. त्यांनी मला सोळा कारण भावनांमधला 'शक्तितस्तप' हा शब्द आठवून दिला. पूजेत आपण तो किती वेळा म्हणतो! तप शक्तीप्रमाणे. शक्ती लपवायची नाही आणि नसलेली आणायची नाही. त्या दिवशी मी एकाशन केलं, सूर्यास्तापर्यंत गाळलेलं, उकळलेलं पाणी प्यायले आणि गोळी रविवारी घेतली. मनाला लागलं, नाही म्हणणार नाही. पण अभिषेकाची झारी मी दोन्ही हातांनी धरली होती.

पुढच्याच महिन्यात बातमी आली की २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जपानचे शिमोन साकागुची आणि अमेरिकेच्या मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. विषय आपलाच. रोगांशी लढणाऱ्या पेशी आपल्याच अंगावर उलटू नयेत म्हणून त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी शरीरात असतात, हे साकागुचींनी १९९५ साली दाखवलं. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात. त्या घडवणारं जनुक, फॉक्सपी-३, बाकी दोघांनी २००१ साली शोधलं. मला वाचता वाचता वाटलं, संयमाचं काम करणारी अशी पेशी शरीरात खरंच असते तर! बळ पुष्कळ असलं आणि त्याला आवर नसला तर ते घरच जाळतं, हे आपण कषायांबद्दल ऐकत आलोच आहोत. 'इम्युनिटी वाढवा' म्हणून जे काढे आणि पावडरी विकतात, त्यांच्याकडे तेव्हापासून मी जरा जपून पाहते. माझी प्रतिकारशक्ती कमी नव्हतीच, तिचा आवर सुटला होता.

पण त्याच बातमीत एक ओळ होती आणि तिथे मी अडखळले. ते जनुक सापडलं ते उंदरांमुळे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत खपल्या धरलेल्या कातडीची नर पिल्लं जन्मली, काही आठवड्यांतच मरायची. त्यांच्या पिढ्या सांभाळून, तपासून हा शोध लागला. साकागुचींचं कामही उंदरांवरच. उंदीर म्हणजे पंचेंद्रिय जीव. मी पाण्यातले न दिसणारे जीव वाचवायला कापड लावते आणि माझं औषध, माझं ज्ञान अशा वाटेनं आलेलं. मेथोट्रेक्सेट पुरलं नाही तर पुढे जी इंजेक्शनं देतात, त्यांतली बरीच चिनी हॅमस्टरच्या पेशींमध्ये तयार होतात. त्या पेशी १९५७ साली एका मादीच्या अंडाशयातून घेतल्या होत्या आणि आजतागायत प्रयोगशाळेत वाढत आहेत. नवा प्राणी लागत नाही, हे समाधान. पण ती एक होतीच. मी औषध सोडलं नाही. यावर माझ्याकडे शहाणपणाचं उत्तरही नाही. क्षमावाणीला ज्यांची क्षमा मागते त्यांत मी आता त्या जिवांनाही धरते, आणि गोळी वाया जाऊ देत नाही.

मुलीचा प्रश्न मात्र वेगळाच होता. "आई, आजीला, तुला, मग मला?" डॉक्टरांनी सांगितलं, धोका थोडा वाढतो, पण अशा बहुतेक मुलींना हा आजार होत नाही. तंबाखू-सिगारेटपासून लांब राहायचं, हिरड्या-दात सांभाळायचे आणि लक्षण दिसलं तर थांबायचं नाही. रक्तातल्या खुणा दुखणं सुरू होण्याआधी कित्येक वर्षं दिसू शकतात, म्हणून आजार होण्याआधीच अडवता येईल का, यावर आता संशोधन चालू आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये सांधे दुखतात पण आजार अजून धरलेला नाही अशा २१३ जणांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२४ साली आला. ॲबाटासेप्ट हे औषध वर्षभर दिलेल्यांत त्या वर्षात शंभरी ६ जणांना आजार झाला, नुसती सुई दिलेल्यांत २९ जणांना. औषध थांबवून आणखी वर्ष झालं तेव्हा हेच आकडे २५ आणि ३७ झाले. म्हणजे आजार लांबला, पण कायमचा टळला असं नाही. मुलीनं आकडे दोनदा वाचले आणि म्हणाली, "मी मोठी होईपर्यंत अजून शोधतील." मला तिचा तो सूर आवडला.

गेल्या महिन्यात आईला मी दुसरबीडला आणलं आणि माझ्याबरोबर त्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ती म्हणाली, "माझं काय आता, कर्म आहे ते." मी म्हटलं, "आई, कर्माचा उदय तुझा खरा. पण उदयाला आलेलं दुखणं न दाखवता सहन कर, असं कोणत्या मुनिराजांनी सांगितलंय? आजारी साधूची सेवा म्हणजे वैयावृत्त्य, ते तर आपण तप मानतो. मग आपल्याच देहाचा राग का?" ती काही बोलली नाही. डॉक्टरांनी तिचे हात पाहिले. वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत, पण सूज आणि दुखणं कमी करता येईल, म्हणाल्या. तिनं विचारलं, "आधी आले असते तर?" डॉक्टरांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. उत्तर कुणीच दिलं नाही.

मैत्रिणींनो, सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तासापेक्षा जास्त आखडत असतील, दोन्ही हातांची सारखीच सुजत असतील, आणि हे सहा आठवडे चाललं असेल तर घरात लपवू नका. आपली सासू, जाऊ, कामाला येणारी मावशी, तिचेही हात एकदा पाहा. तालुक्याच्या डॉक्टरांना थेट विचारा, "हा रूमॅटॉइड आहे का?" पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आज सकाळी आई आणि मी बरोबरच मंदिरात गेलो. माझे तळवे एकमेकांना टेकतात. तिचे टेकत नाहीत. मी तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले आणि आम्ही तसंच दर्शन घेतलं.

जय जिनेंद्र.