फुली केलेली खिडकी

आज दुपारी पावसाने उघडीप दिली म्हणून आलापल्लीच्या सागवानाची आजोबांची जुनी पेटी उन्हात ठेवावी या विचाराने उघडली असता, वनखात्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यातून नागपूरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स विद्यालयाच्या इमारतीचे एक पिवळसर चित्रकार्ड हाती आले. सव्हॉयच्या पर्वतमय मुलखाशी नाते असलेल्या मिशनऱ्यांनी १८७० साली ही शाळा स्थापन केली, तेव्हा आमचा चांदा जिल्हा इंग्रजी अमलाखाली येऊन जेमतेम सोळा वर्षे लोटली होती. आणि आजोबांच्या बालपणीही, १९८२ साली गडचिरोली म्हणून वेगळ्या झालेल्या त्या अरण्यप्रदेशातून पोराला शिक्षणासाठी नागपुरास रवाना करणे म्हणजे आईबापांनी काळजावर दगड ठेवणेच होते. चित्रातील एका खिडकीवर शाईची बारीक फुली आहे. मागील बाजूस, किरट्या पण वळणदार अक्षरात, एवढाच मजकूर: ‘तीर्थरूप बाबांचे चरणी साष्टांग नमस्कार. मी या खिडकीशी बसतो. घरचा मध पाठवावा.’ ‘मध’ या अक्षरांवर थेंब पडून शाई फुटली आहे. तो पाण्याचा असेल, पण माझे मन तसे मानावयास तयार नाही. कार्ड पुन्हा पेटीत ठेववेना. दिवेलागणीपर्यंत ते हातातच होते.