तीनचा सात कसा होतो

"मशीन खोटं बोलत नाही" हे वाक्य आपल्या जिल्ह्यात आता तहसीलपासून रेशन दुकानापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. माणसानं तोंडी सांगितलं तर पुरावा आण म्हणतात, स्क्रीनवर दिसलं की विषय संपला. तर मित्रांनो, मशीन खोटं बोलतं. माझ्या घरातलंच बोललं. पोस्ट लांब आहे, धानाच्या नोंदणीच्या घाईत असाल तर रात्री निवांत वाचा.

आमच्याकडे २०१५ सालचा एक लॅपटॉप आहे. भाचीच्या कॉलेजसाठी सेकंडहँड घेतलेला. चार जीबीची रॅम होती, मग कुणाकडून तरी चार जीबीची दुसरी पट्टी मिळाली, ती टाकून आठ केली. भाची शिकता शिकता वस्तीतल्या लोकांचे फॉर्म भरून देते, शिष्यवृत्ती, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला. आणि एका बचत गटाची यादीही तिच्याचकडे. बारा बाया, बारा खाते क्रमांक.

उन्हाळा संपता संपता त्या यादीतल्या एका मावशीच्या खाते क्रमांकात ३ च्या जागी ७ आला. बँकेनं कागद परत पाठवला. पैसे अडकले आणि बोलणी सुरू झाली. "पोरीनं ध्यान नाही देल्लं", इथपासून "मुद्दाम तर नाही टाकला जी?" इथपर्यंत. एकोणीस वर्षांची पोरगी, फुकटात लोकांची कामं करते, आणि तिच्याकडे लोक तिरप्या नजरेनं पाहू लागले. दोन दिवस ती बाहेर निघाली नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. मे महिन्याच्या फाइलमध्ये आकडा बरोबर होता, जूनच्या फाइलमध्ये चूक. मधल्या काळात त्या ओळीला हात लावायचं कामच पडलं नव्हतं, फक्त शेवटच्या रकान्यात हप्ते भरले होते. शिवाय टाइप करताना बोट घसरलं तर ते शेजारच्या बटणावर पडतं. ३ चा २ होईल, ४ होईल. आकड्यांच्या वेगळ्या पॅडवर तर ३ खाली उजवीकडे आणि ७ वर डावीकडे, एकदम समोरासमोरचे कोपरे.

आता थोडं तांत्रिक. कॉम्प्युटर अक्षर असो की अंक, शून्य आणि एक यांच्या ओळीत साठवतो. खाते क्रमांक अक्षरांसारखे साठवलेले असतील तर ३ ची ओळ आहे ००११००११ आणि ७ ची ००११०१११. नीट पाहा, फरक एकाच जागेचा आहे. १ आणि ९ मध्येही एकाच जागेचा, २ आणि ६ मध्येही. त्या एका जागेला बिट म्हणतात. चार जीबीच्या पट्टीत असे सुमारे ३,४३६ कोटी बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक अतिसूक्ष्म साठा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून रॅम दर ६४ मिलिसेकंदांत सगळे साठे पुन्हा भरून घेते. फुटक्या बांधीत पाणी टिकवायचं तर सारखं भरत राहावं लागतं, तसंच. पट्टी जुनी झाली, एखादा साठा जास्त गळू लागला, वरून आपल्याकडचा मे महिना आणि पंख्यात साचलेली धूळ, की भरणा पोचायच्या आधीच तो रिकामा होतो. गरम झाल्यावर गळती वाढते, म्हणून सकाळी ठीक चालणारा लॅपटॉप दुपारी तीनला वेड्यासारखा वागतो.

याची चिन्हं आम्हाला आधीपासून दिसत होती. 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहिलेला निळा पडदा, कधी चालू करताना नुसती पीं-पीं, काल उघडलेली पीडीएफ आज 'खराब' म्हणून उघडेना. गोंदियातल्या एका दुकानात दाखवला. तिथं झाकणही न उघडता सांगितलं, बोर्ड गेला, नवा घ्या. नवा घ्यायला पैसे असते तर सेकंडहँड कशाला घेतला असता!

मग घरीच बसलो. लॅपटॉप बंद, चार्जर काढला, बॅटरी काढली, हातातली स्थिर वीज जावी म्हणून आधी लोखंडी खिडकीला हात लावला. दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर काळपट थर होता. बरेच मेकॅनिक शाळेतल्या खोडरबरनं घासतात, त्यानं कामही होतं, पण जोरात घासलं तर मुलामाच जातो आणि रबराचा चुरा खाचेत अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड बरं. पुन्हा बसवल्यावर पीं-पीं बंद झाली. अर्ध्या लोकांची गोष्ट इथंच संपते आणि लॅपटॉप 'सुधारला' म्हणून पुन्हा कामाला लागतो. आमचाही तसाच लागला असता, पण तो ७ डोक्यात होता.

विंडोजमध्ये मेमरी तपासायची सोय असते, ती चालवली. काही सापडलं नाही. मग मेमटेस्ट८६ प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेतला. तो विंडोज सुरूच होऊ देत नाही. रॅमच्या जवळपास प्रत्येक जागेत ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून पाहतो. एक पट्टी काढून ठेवायची, दुसरी एकटी तपासायची, मग अदलाबदल. दोष पट्टीत आहे की खाचेत, हे त्याशिवाय कळत नाही. आमच्या मशीनवर एका फेरीला दोन-अडीच तास लागले. पहिल्या रात्री तीनच्या सुमारास लाइन गेली, बॅटरीत दम नव्हता, सगळं पहिल्यापासून. मूळ पट्टी चार फेऱ्यांत स्वच्छ निघाली. नंतर टाकलेली पहिल्या फेरीत स्वच्छ, दुसऱ्या फेरीपासून लाल ओळी. प्रत्येक वेळी तोच पत्ता, तोच एक बिट. खाच बदलली तरी तेच.

मावशीचा तीन त्याच बिटानं पाडला हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पण त्या लाल ओळींचा फोटो काढून गटाच्या बैठकीत दाखवला, वहीवर ३ आणि ७ च्या ओळी मांडून दाखवल्या. बाया हिशेबाच्या पक्क्या. एकजण म्हणाली, "म्हणजे एक दिवा विझायचा होता तो जळतच राह्यला, असंच ना जी?" याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

हे फक्त आपल्या जुन्या भंगारातच घडतं असं समजू नका. १८ मे २००३ ला बेल्जियमच्या निवडणुकीत स्कारबेक इथं एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्तीची पडली. मतांची बेरीज शक्य नव्हती तेवढी झाली, म्हणून लक्षात आलं. फेरमोजणीत बाकी सगळ्यांचे आकडे जुळले, फक्त हाच ४,०९६ नं कमी. एकापासून सुरू करून बारा वेळा दुप्पट करत गेलं की ४,०९६ येतात, म्हणजे एका बिटाचा खेळ. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही, तेव्हा एक बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. तिथं बेरीज अशक्य झाली म्हणून पकडलं गेलं. चारशे मतांचा फरक असता तर?

मोठ्या सर्व्हरमध्ये एक बिट उलटला तर ओळखून दुरुस्त करणारी वेगळ्या प्रकारची रॅम असते. आपल्या साध्या लॅपटॉपमध्ये ती नसते. म्हणजे पोर्टल कितीही भक्कम असो, चूक आपल्या ओसरीवर जन्मते आणि पोर्टल ती खरी मानून घेतं. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे तिथं एक आकडा चुकला तर पकडता येतो. गट नंबर, क्षेत्र, क्विंटल यांना असं कवच नाही. सातबाऱ्यावर ०.७१ हेक्टर आणि नोंदणीत ०.३१ असेल तर खरेदी केंद्रावर धान घेऊन उभ्या असलेल्या माणसानं काय करायचं? तिथं त्याला ऐकवतात, तूच चुकीचं भरलं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. या निमित्तानं शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्थांमधली जुनी यंत्रं भंगारात निघतील आणि चांगल्या पट्ट्याही त्यांच्यासोबत जातील. त्या काढून, तपासून ठेवल्या तर कितीतरी यंत्रं लिनक्सवर अजून काही वर्षं चालतील. आमची नवी पट्टी अशीच एका मेकॅनिकच्या ड्रॉवरमधून निघाली, चारशे रुपयांत. घेताना एक पाहा: त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ चालत नाही. आणि हो, सेकंडहँड पट्टी रात्रभर तपासल्याशिवाय कामाला लावू नका. आता नवे पातळ लॅपटॉप येतात, त्यातल्या अनेकांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, पट्टी काढायचा प्रश्नच नाही. एक बिट मेला तर दुकानदार 'बोर्ड गेला' म्हणेल आणि ते खरं असेल.

लोकांची कामं करणाऱ्या सेवा केंद्रवाल्यांना, ऑपरेटर पोरापोरींना माझं एवढंच म्हणणं आहे: हंगाम सुरू व्हायच्या आधी एक रात्र मशीन मेमटेस्टवर सोडा. आणि फॉर्म पाठवण्याआधी प्रिंट काढून मूळ कागदाशी आकडा न् आकडा मिळवा, समोरच्याची सही घ्या. वरच्या साहेबांनाही विनंती, तक्रार आली की आधी जुनी फाइल आणि कागद मागवा, पोरांना झापायचं नंतर पाहू.

ज्यांना मेमटेस्टचा पेनड्राइव्ह करून पाहिजे त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. रिकामा पेनड्राइव्ह आपला आणा, त्यावरचं सगळं पुसलं जाईल. भाची करून देते, पण सध्या तिची परीक्षा आहे, रविवारीच या.