दहा वर्षांनंतरच्या मला

कार्टून म्हणजे पोरांना जेवताना एका जागी बसवायचं साधन, असा माझा समज होता. तो नातवाने मोडीत काढला. "आजी, हे मोठ्यांसाठी आहे, तू बघच," म्हणत त्याने 'काउबॉय बीबॉप' नावाची जपानी मालिका लावून दिली. १९९८ साली सुरू झालेली, २६ भागांची, शिनिचिरो वातानाबे यांनी दिग्दर्शित केलेली. काळ आहे २०७१चा. माणसं मंगळावर आणि गुरूच्या चंद्रांवर राहायला गेली आहेत. गुन्हेगार पकडायचे आणि मिळणाऱ्या बक्षिसावर पोट भरायचं, असा धंदा करणारी चार माणसं आणि एक कुत्रा एका जुन्या यानात राहतात. पैसे कधीच पुरत नाहीत, त्यामुळे मला ती लगेच आपलीशी वाटली!

आज सांगायचं आहे ते अठराव्या भागाबद्दल, 'स्पीक लाइक अ चाइल्ड'बद्दल.

या चौघांत फे नावाची तरुणी आहे. एका अपघातानंतर तिला ५४ वर्षं गोठवून झोपवलं होतं. जागी झाली तेव्हा वय तेवढंच, पण मागचं काहीच आठवेना, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. तिच्या नावाने एक पार्सल येतं. वसुली करणारेच आले असं वाटून ती पळ काढते. पार्सलात निघते एक व्हिडिओ कॅसेट.

आता ती बघायची कशी? २०७१मध्ये असलं यंत्र कोणाकडे असणार? जुन्या वस्तूंचा एक वेडा सापडतो, तर त्याच्याकडचं यंत्र स्पाइकच्या लाथेने मोडतं. मग स्पाइक आणि जेट थेट पृथ्वीवर जातात, एका पडक्या इमारतीच्या पोटात शिरतात आणि घामाघूम होऊन एक यंत्र उचलून आणतात. ते निघतं व्हीएचएस, आणि कॅसेट असते बीटा! सोनीने बीटामॅक्स आणलं १९७५ साली, पाठोपाठ १९७६मध्ये व्हीएचएस आलं. एकाची कॅसेट दुसऱ्यात जात नाही. आता दोन्ही इतिहासजमा झाली. इथे मी खूप हसले.

या भागाच्या सुरुवातीला जेट एक जपानी लोककथा सांगतो, उराशिमा तारो या कोळ्याची. तो समुद्रातल्या राजवाड्यात थोडे दिवस राहून परततो, तर गावात शेकडो वर्षं उलटलेली असतात. मला आपला ककुद्मी राजा आठवला. लेकीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तो ब्रह्मलोकी गेला, तिथे गाणं संपेपर्यंत थांबला आणि खाली आला तर युगं लोटलेली. मनात योजलेली स्थळं कुठली शिल्लक राहायला! घरी परतावं आणि ओळखीचं कोणीच नसावं, ही भीती सगळीकडे सारखीच दिसते.

शेवटी आणखी एक पार्सल येतं, त्यात बीटाचं यंत्र असतं. पडद्यावर एक शाळकरी मुलगी दिसते. ती फेच असते. दहा वर्षांनंतरच्या स्वतःसाठी तिने हा निरोप भरून ठेवलेला आहे. ती हातवारे करून, ओरडून मोठ्या फेला धीर देते. आणि मोठी फे नुसती बघत राहते. तिला यातलं काहीच आठवत नाही. भाग तिथेच संपतो.

मंडळी, यानंतर मला झोप लागली नाही. कारण आमची अक्का.

अक्काला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली, हे नातेवाइकांना माहीत आहेच. आमच्याकडे १९८३ सालच्या भोंडल्याची एक कॅसेट आहे. गाणी अक्काने सांगायची आणि आम्ही मागून म्हणायची. टेपरेकॉर्डरचा पट्टा विरघळून चिकट झाला होता. दुरुस्तीवाल्याकडून नवा घालून घेतला आणि अक्कासमोर कॅसेट लावली. ती मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "किती मोकळा आवाज आहे गं! कोण ही?"

मी म्हटलं, "आपल्यातलीच आहे."

"पुन्हा लाव," अक्का म्हणाली. त्या दुपारी आम्ही ती कॅसेट तीनदा ऐकली.

त्या शाळकरी फेने कुठेही 'मला ओळख' असा हट्ट धरलेला नाही. तिला फक्त धीर द्यायचा होता. अक्काचा १९८३चा आवाजही आजच्या अक्काकडे काही मागत नव्हता. तिची दुपार मात्र चांगली गेली.

भेटायला येणारे सगळे अक्काची परीक्षा घेतात. "सांग बघू, मी कोण?" "माझं नाव आठवतं का?" प्रेमानेच विचारतात, पण उत्तर आलं नाही की ती कावरीबावरी होते आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. चौतीस वर्षं मी परीक्षा घेतल्या आहेत, म्हणून हक्काने सांगते, अक्काचा हा पेपर आता रद्द करा. आल्या आल्या आपलं नाव स्वतःच सांगा. गाणं म्हणा, जुने फोटो दाखवा, भाजी निवडायला तिच्याशेजारी बसा. तिने ओळखलं तर आनंदच आहे, नाही ओळखलं तरी चहा घेऊनच जा.