ज्युलिएटचे वडील

शेक्सपिअरचे 'रोमिओ आणि ज्युलिएट' शिकविण्यात आमची पंचवीस-तीस वर्षे गेली असल्यामुळे त्या नाटकाचा शेवट कोणी गोड केलेला आम्हांस खपत नाही. २००९ साली मात्र असाच एक गोड शेवट आमच्याच घरात, बंद दाराआडून, दिवसातून दहा वेळा कानी पडे. कन्या दहावीत होती, आणि टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या 'फिअरलेस' नामक दुसऱ्या अल्बमने तिला झपाटले होते.

पहिला अल्बम २००६ सालचा, गायिकेच्या सोळाव्या वर्षीचा. हा दुसरा ११ नोव्हेंबर २००८ चा, तिला एकोणीस पुरी होण्यास महिना उरला असतानाचा. तेरा गाणी, पैकी सात तिने एकटीने रचलेली, उरलेली इतरांच्या जोडीने. एका गाण्यात ही अठरा वर्षांची मुलगी पंधरा वर्षांच्या मुलींस आजीबाईंच्या थाटात चार गोष्टी सांगते. (आमचे विद्यार्थीही निबंधात 'माझ्या बालपणी' असे लिहितात, तेव्हा ते बालपण सरून दोनच उन्हाळे झालेले असतात.) आमची खरी तक्रार 'लव्ह स्टोरी' या गाण्याविषयी होती. त्यात रोमिओ आहे, ज्युलिएट आहे, मध्येच हॉथॉर्नच्या कादंबरीतील लाल अक्षरही येऊन पडले आहे. आणि शेवटी विष नाही, खंजीर नाही, मुलीचे वडील संमती देतात व लग्न ठरते! आम्ही कन्येस बोलावून तिसऱ्या अंकातील कॅप्युलेट ऐकविला. ठरविलेला वर नाकारणाऱ्या मुलीस तो बाप रस्त्यात भीक मागत मरावयास सांगतो.

"पण बाबा, तो 'हो' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं?"

"नाटक बिघडलं असतं," आम्ही म्हणालो, आणि तिला गणिते सोडवावयास पाठविले.

२०१९ साली तिने आपल्या पसंतीचा मुलगा आमच्यासमोर आणून उभा केला. मुलगा शिकलेला, सालस. जात मात्र आमची नव्हती. आम्ही कॅप्युलेटसारखे ओरडलो नाही. प्राध्यापक ओरडत नाहीत; 'विचार करून सांगतो' म्हणतात, आणि सांगत नाहीत. लग्न पुण्यास नोंदणी पद्धतीने झाले. सौभाग्यवती एकट्याच गेल्या. आम्ही घरी पेपर तपासत बसलो.

त्याच वर्षी त्या गायिकेचे अल्बम काढणारी नॅशव्हिलची कंपनी विकली गेली, व तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ मुद्रणे परक्या हाती गेली. (पुढे २०२५ साली तिने ती विकत घेतली.) तेव्हा जुनी गाणी नव्याने गाऊन आपल्या मालकीची मुद्रणे करण्याचे तिने ठरविले, आणि आरंभ या दुसऱ्याच अल्बमापासून केला. ९ एप्रिल २०२१ रोजी तो निघाला. महामारीच्या निर्बंधांचे दिवस, घरात आम्ही दोघेच. तो आम्ही मुद्दाम ऐकला. हेतू शुद्ध नव्हता. एकतीस वर्षांच्या बाईने आपले अठराव्या वर्षीचे भाबडेपण कोठे कोठे दुरुस्त केले आहे, हे आम्हांस लाल पेन्सिल घेऊन पाहावयाचे होते.

तिने काहीच दुरुस्त केले नव्हते. शब्द तेच, चाल तीच, साथीला काही वादकही तेच. आवाज तेवढा भरला होता. वरच्या स्वराकडे पूर्वी ती धावत जाई, आता चालत जाते. लाल अक्षर होते तेथेच होते. जुन्याची जागा नव्याने घ्यावयाची तर ते हुबेहूब असणे व्यापाराच्या दृष्टीनेही अवश्य, हे आम्हांस कळते. तरी जगाचा आणि करारमदारांचा एवढा अनुभव गाठी असता तिने त्या वडिलांचा होकार पूर्वीच्याच आनंदाने गाइला होता. आणि एक गोष्ट बारा वर्षांत प्रथमच आमच्या ध्यानी आली. वडिलांनी स्वतः येऊन बोलावे, एवढीही अपेक्षा त्या गाण्यात नाही. त्यांचा होकार रोमिओच येऊन सांगतो.

रात्री आम्ही पुण्यास फोन लावला. तो जावयांनी उचलला. काय बोलावे ते सुचेना, म्हणून "'फिअरलेस' ऐकला, असं तिला सांगा," एवढेच म्हणालो. पलीकडे काही कुजबूज झाली, आणि मग तिचा आवाज आला.

"कोणता, बाबा? जुना की नवा?"