कधी लागतो, कधी नाही

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात डोकं फिरवणारा बग कुठला? नेहमी येणारा नाही. तो बिचारा सरळमार्गी असतो, शोधायला बसलं की सापडतो. डोकं फिरवतो तो कधी येणारा आणि कधी न येणारा. टेस्टरच्या मशीनवर दिसतो, आपण बघायला गेलो की गायब! मग कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, सगळं सुरळीत चालतं, बग 'क्लोज' होतो... आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

हा प्राणी गेल्या पावसाळ्यात मला एका शाळेच्या व्हॅनमध्ये भेटला. ब्रेक लाइटमध्ये.

माझी भाची या व्हॅनने शाळेत जाते. ठाण्याचा घोडबंदर रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना मोठमोठी कॉम्प्लेक्स आणि शाळा, आणि मधून गुजरातकडे जाणारे-येणारे ट्रक-कंटेनर. त्यातच ही पिवळी व्हॅन. व्हॅनला कारसारखी डिकी नसते. मागचं दार, त्याला लागून सीट आणि सीटवर मुलं. मागून कुणी ठोकलं तर मध्ये असतो तो फक्त पत्रा. माझी भाची तिथेच बसते, कारण मागच्या काचेतून वेडावून दाखवता येतं.

व्हॅनवाल्या काकांची (मुलं त्यांना हेच म्हणतात, पालकसुद्धा) तक्रार एका वाक्याची होती. "दादा, ब्रेक लाइट कधी लागतो, कधी नाही. आणि डावा तर मेल्यासारखाच आहे."

दीड महिन्यात इलेक्ट्रिशियनकडे तीन फेऱ्या झाल्या होत्या. पहिल्या फेरीत दोन्ही बल्ब नवे टाकले. दोन दिवस छान चाललं. दुसऱ्या फेरीत फ्यूज बदलला, तीन दिवस चाललं. तिसऱ्या फेरीत ब्रेक पेडलचा स्विच, आठवडाभर चाललं. चौथ्यांदा गेले तेव्हा निदान झालं, "अख्खं वायरिंग बदलायला लागेल." म्हणजे सात-आठ हजार रुपये आणि गाडी दोन दिवस उभी. गाडी उभी म्हणजे सात मुलांच्या घरून फोन, आणि त्यातल्या एखाद्याने दुसरी व्हॅन लावली की पुढच्या महिन्याचा हिशेब कोलमडला.

बोलता बोलता काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. गेले काही दिवस ते ब्रेक दाबायच्या आधी खिडकीतून हात बाहेर काढून खाली-वर हलवत होते, जुने ड्रायव्हर करायचे तसा. भर पावसात, शर्टाची बाही भिजवून. हे ऐकल्यावर रविवार सकाळचा कांदेपोह्यांचा बेत तासभर पुढे ढकलणं भाग होतं. डिग्री इलेक्ट्रॉनिक्सची, पोट सॉफ्टवेअरवर. मल्टिमीटर माळ्यावरून खाली काढला, नवा सेल घातला आणि गेलो.

आता थोडं सर्किट. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपेक्षा सोपं आहे.

बॅटरीतून वायर निघते, फ्यूजमधून जाते, ब्रेक पेडलपाशी असलेल्या स्विचवर येते. पेडल सैल असतं तेव्हा ते स्विचचा दांडा दाबून धरतं आणि स्विच बंद असतो. पाय दिला की पेडल लांब जातं, दांडा बाहेर येतो, स्विच जोडला जातो. तिथून वायर मागे जाते, तिला डावी-उजवी अशा दोन फांद्या फुटतात आणि त्या दोन बल्बांना मिळतात. बल्बमधून करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो आणि पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. याला गॅरेजमध्ये 'बॉडी अर्थ' किंवा नुसतं 'अर्थिंग' म्हणतात. येणारी वायर सगळे तपासतात. परतीची वाट मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही.

मागचा बल्बही मजेशीर असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट, एक ५ वॅटची टेल लाइटसाठी आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकसाठी. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे उलटा बसवताच येऊ नये. दोन्ही फिलामेंटची अर्थिंग एकच. आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्याच डब्यातल्या इंडिकेटरचीही अर्थिंग तीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं काम कुठलं? कशालाही हात न लावता नुसतं बघणं. काकांना पेडलवर बसवलं आणि मी मागे उभा राहून वहीच्या पानावर लिहून काढलं.

नुसता ब्रेक दाबला: उजवा लख्ख. डावा मंद, तांबूस. आणि त्याच वेळी डावीकडचे इंडिकेटर, मागचा आणि पुढचाही, अगदी किंचित पेटलेले!
डावा इंडिकेटर चालू करून ब्रेक दाबला: इंडिकेटर आणि ब्रेक लाइट यांची पाठशिवणी. एक पेटला की दुसरा विझतो.
पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला: डावीकडचा लाल दिवा उजळायच्या ऐवजी आणखी मंद झाला.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. रात्री ब्रेक मारला की डावीकडचा उजेड वाढायच्या ऐवजी कमी होत होता. मागच्या ड्रायव्हरला वाटेल, पुढची गाडी लांब चाललीये. दिवा पूर्ण मेलेला परवडला, हा तर खोटं बोलत होता.

पण निदानाच्या दृष्टीने ही तीन वाक्यं म्हणजे सोन्याचा तुकडा. उजवा लख्ख आहे म्हणजे त्या क्षणी बॅटरी, फ्यूज आणि स्विच तिघंही निर्दोष. दोन्ही दिव्यांचा रस्ता फांदी फुटेपर्यंत एकच आहे ना! म्हणजे आता शोधायचं ते फक्त डाव्या फांदीत. अर्धी गाडी एका नजरेत बाद. (आपण बायनरी सर्च म्हणतो ते हेच. फक्त इथे हात काळे होतात.)

आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का पेटतो? करंटला परतीचा सरळ रस्ता मिळत नाही म्हणून. अर्थिंग तुटलंय, मग तो त्याच डब्यातल्या मागच्या इंडिकेटरच्या बल्बात उलटा शिरतो, इंडिकेटरच्या वायरने पार पुढे जातो आणि पुढच्या इंडिकेटरमधून पत्र्यात उतरतो. पुलाचं काम चालू असलं की आपण गल्लीबोळातून जातो ना, तसंच. पण आता एका ओळीत २१ वॅटचे तीन बल्ब आले. १२ व्होल्टची तिघांत वाटणी, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ४. फिलामेंटला व्होल्टेज एक तृतीयांश मिळालं तर उजेड एक तृतीयांश मिळत नाही, त्याच्या कितीतरी खाली जातो. म्हणून तिघंही नुसते धुगधुगत होते.

मीटरने खात्री केली. ब्रेक दाबलेला, बल्ब जागेवर. होल्डरला येणाऱ्या वायरवर १२ व्होल्ट, छान. मग मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थिंगवर आणि दुसरं गाडीच्या खरवडलेल्या, स्वच्छ पत्र्यावर. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले ८! हिशेब जुळला.

डाव्या दिव्याचा डबा उघडला. आत काळी वायर, टोकाला थिंबल, ते एका स्क्रूने पत्र्याला आवळलेलं. दिव्याचं रबर सुकून आकसलं होतं, तिथून दर पावसात पाणी आत जात होतं. स्क्रूखाली गंज, थिंबलवर हिरवट भुकटी. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं थिंबल लावलं, स्क्रू आवळला, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. आता मीटरवर ०.०५ व्होल्ट. डावा दिवा उजव्याइतकाच लख्ख. खर्च सांगायलाही लाज वाटावी इतका.

काका खूश. पण मला वहीतलं त्यांचं पहिलं वाक्य दिसत होतं, "कधी लागतो, कधी नाही." डाव्याचं अर्थिंग खराब होतं, मान्य. पण मग उजवा कधीकधी का जात होता? हा दुसरा दोष होता, आणि पहिल्याच्या सावलीत लपलेला.

आता सगळं चालू होतं. चालू असलेल्या वस्तूत दोष शोधायचा कसा? तर तिला बंद पडायला भाग पाडून. काकांना ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि मी फ्यूजपासून एकेक टप्पा धरून वायर हलवत गेलो. फ्यूजपाशी हलवलं, काही नाही. स्विचच्या कपलरला नुसता बोटाने धक्का दिला आणि मागे उभी असलेली भाची ओरडली, "मामा, गेले दोन्ही!"

कपलर काढून पाहिला. आतली पितळी पकड फाकलेली, भोवतीचं प्लॅस्टिक करपून तपकिरी. दोन बल्ब मिळून ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. ढिल्या जोडातून एवढा करंट जायला लागला की जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. स्विच नवा होता, कपलर मात्र जुनाच. इथे मीटरवर विसंबून चालत नाही बरं का. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे केसाएवढा जोड टेकलेला असला तरी तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो. अशा ठिकाणी दोन वायरी जोडलेला साधा २१ वॅटचा बल्बच खरा साक्षीदार. काम सांगितल्याशिवाय माणूस कळत नाही, तसंच जोडाचं.

नवा कपलर लावला आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आधीचा प्रत्येक इलाज दोन-चार दिवस का चालला.

बल्ब बदलताना होल्डर ओढला गेला, गंजलेलं थिंबल हललं आणि तात्पुरतं टेकलं. फ्यूज बदलताना डॅशबोर्डखालच्या वायरी ढकलल्या गेल्या. स्विच बदलताना कपलर काढून घातला, जोड घासून थोडा साफ झाला, म्हणून तो सगळ्यात जास्त, आठवडाभर टिकला. म्हणजे गुण बदललेल्या पार्टचा नव्हताच, गुण होता हात लागण्याचा! त्या इलेक्ट्रिशियनला मी दोष देणार नाही. दारात पाच गाड्या उभ्या असताना, पार्ट टाकला आणि दिवा लागला, तर कुठलाही माणूस काम झालं असंच समजेल. आपण सर्व्हर रीस्टार्ट करून बग क्लोज करतो तेव्हा वेगळं काय करतो? "चालू झालं" आणि "का बंद पडलं होतं ते कळलं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचे पैसे मिळतात, म्हणून दुसरं कुणी विचारत नाही.

घरी आल्यावर ब्रेक लाइटबद्दल थोडं वाचलं. १९७४ मध्ये जॉन व्होएव्होड्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे मधोमध एक जादा ब्रेक लाइट लावून पाहिला. त्या टॅक्सींना मागून होणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्या. १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत कारना तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे तो सगळीकडे दिसायला लागल्यावर फायदा उतरत गेला, १९९८ च्या सरकारी अहवालात तो ४.३ टक्के निघाला. माणसाच्या नजरेला सवय होते. तरी हजारात त्रेचाळीस धडका वाचणं ही एका बल्बाच्या मानाने मोठी कमाई आहे.

आणखी एक हिशेब. एलईडी दिवा फिलामेंटच्या बल्बपेक्षा साधारण ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटतो. ताशी ६० किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात ३.३ मीटर पुढे येते. एवढ्याशा वेळेला जर इतकी किंमत, तर न लागणाऱ्या दिव्याला किती असेल? काकांचा हात खिडकीबाहेर होता खरा, पण तो उजवीकडे. डावीकडून घुसणाऱ्याला तो दिसणार तरी कसा?

असो. तात्पर्यबित्पर्य सांगायचा विचार नाही, एक छोटंसं काम सांगतो. तुमच्या गाडीचे ब्रेक लाइट तुम्हाला चालवताना कधीच दिसत नाहीत, मागच्यालाच दिसतात. तेव्हा संध्याकाळी सोसायटीत गाडी लावताना भिंतीकडे पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे. मग इंडिकेटर लावून एकदा, पार्किंग लाइट लावून एकदा. अर्ध्या मिनिटाचं काम. एक बाजू मंद दिसली, किंवा भलताच दिवा लुकलुकला, तर बल्ब आणायला पळू नका. आधी अर्थिंग बघा.

काकांना हे शिकवलंय. ते आता रोज सकाळी पहिलं मूल घ्यायच्या आधी एका दुकानाच्या बंद शटरपुढे व्हॅन उलटी लावतात. डबा उघडून अर्थिंग दर पावसाळ्याआधी साफ करायचं, हेही ठरलंय. दिव्यावर नवं रबर बसवलंय. भाचीला मात्र मागच्या सीटवरून हलवणं मला जमलेलं नाही.